‘प्लेग’ कुठे गेला?

मार्च २०२० मध्ये राज्यात साथरोग कायदा लागू झाला, तेव्हा मी इतिहास विभागात पीएचडीसाठी नाव नोंदवून नुकतीच साताऱ्याला घरी आले होते. विद्यापीठ बंद, ग्रंथालय बंद. बातम्यांत रोज त्या कायद्याचं साल कानावर पडायचं, १८९७. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ ला, हा कायदा झाला. दारं लावून घरात बसलेली असताना माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. त्या वेळी घरात कोंडलेल्या, स्टेशनवर अडवलेल्या मराठी माणसाशी त्याचं वर्तमानपत्र कोणत्या शब्दांत बोलत होतं?

विषय तिथेच ठरला. ग्रंथालयं उघडल्यावर त्या काळातलं एक साप्ताहिक निवडलं. सप्टेंबर १८९६ ते डिसेंबर १८९८ या काळातली मिळाली तेवढी, म्हणजे सातशेच्या आसपास पानं स्कॅन केली. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “सगळं ओळीने वाचायला बसलीस तर वाचनातच वर्षं जातील आणि शेवटी लक्षात राहील ते फक्त तुला आवडलेलं. आधी मोजून घे, मग कुठे थांबून वाचायचं ते ठरव.” मी जरा बिचकले. इतिहासाच्या माणसाने शब्द मोजायचे हे मला परकं वाटत होतं. मॅडमनी मग कोल्हापूरची आठवण करून दिली. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार केला होता, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे. ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तो वापरतात. मी सातारची, कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

स्कॅन म्हणजे फोटो. फोटोतली अक्षरं मोजता येत नाहीत, त्यासाठी मजकूर हवा. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देतं आणि त्याला मराठी येतं. पहिलं पान त्यातून काढलं आणि वाचवेना. ‘खबर’चं ‘रवबर’ झालेलं, ‘खाट’ची ‘रवाट’. ‘घर’ कुठे ‘धर’, ‘दोष’ कुठे ‘दोप’. अनुस्वारांचा तर काही ताळमेळच नव्हता.

माझे चुलते तीस वर्षं साताऱ्यात छापखान्यात जुळारी होते. हाताने खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि ‘ख’वर नख टेकवलं. “हे बघ, जुना ख. र आणि व शेजारी शेजारी उभे केलेत, मध्ये फट आहे. आमच्या मालकाकडे एका केसमध्ये असले खिळे होते. पुढे दोघांचे पाय जोडले ते याच घोटाळ्यासाठी.” मग अनुस्वार. “टिंब दिसत नाही म्हणजे लावलंच नव्हतं असं धरू नकोस बाळा. नाजूक भाग सगळ्यात आधी मोडतो. आणि दिसतंय ते टिंबच असेल असंही नाही, कागदाला बुरशीचे ठिपके पडतात.” त्यांनी भिंगातून मला दोन्ही दाखवले. खिळ्याचं टिंब काठाला जरासं दबलेलं असतं, शाई कडेला गोळा होते. बुरशीचा ठिपका सगळीकडे सारखा पसरट. तासाभराच्या त्या बैठकीत मी जे शिकले ते मला कुठल्याही कार्यशाळेत मिळालं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून चाळीस पानं अक्षरन् अक्षर हाताने टाइप केली. यातली निम्मी पानं सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी वापरली आणि उरलेली निम्मी त्याची परीक्षा घेण्यासाठी बाजूला ठेवली. सुरुवातीला शंभर अक्षरांमागे अठरा चुकत होती. त्या छापखान्याच्या खिळ्यांची ओळख झाल्यावर पाचावर आली. पाच ही काही कमी चूक नाही. म्हणजे जवळपास प्रत्येक ओळीत दोन-तीन अक्षरं बिघडलेली. पण कुठली बिघडतात हे आता कळलं होतं आणि त्यातली बरीचशी ठरावीक पद्धतीने दुरुस्त करता येत होती.

मजकूर हाती आला तशी मी पहिली यादी काढली, सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द. पायथन या संगणकभाषेतली, सगळ्या विभागांतली मुलं वापरतात ती लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) घेतली आणि शब्द ओळखायला तिने दिलेला साचा तसाच ठेवला. यादी आली. वरच्या भागात होतं शहर, घर, मरण, मदत. मग सरक, बई, टर, इस, तळ. ‘प्लेग’ नव्हताच. पुन्हा चालवलं, पुन्हा नाही. पूर्ण यादीत शोधलं. हजारो शब्दांच्या यादीत ‘प्लेग’ एकदाही नाही, ‘पुणे’ नाही, ‘रोग’ नाही. प्लेगवरच्या प्रबंधात प्लेग नाही. मी स्कॅन उघडून पाहिले, शब्द ठसठशीत छापलेला होता. पानापानावर होता.

संगणकशास्त्र विभागातल्या मैत्रिणीने पाच मिनिटांत कारण दाखवलं. संगणकाच्या अक्षरतक्त्यात, युनिकोडमध्ये, क ख ग ही ‘अक्षरं’ म्हणून नोंदलेली आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही मात्र ‘खुणा’ म्हणून. आणि त्या साच्यात शब्दाची व्याख्या आहे, ‘सलग दोन किंवा जास्त अक्षरं’. इंग्रजीला ती चालून जाते. मराठीत प्रत्येक मात्रा म्हणजे कात्री. ‘प्लेग’ तुटून प, ल, ग असे तीन सुटे तुकडे होतात आणि एकटं अक्षर शब्द धरत नाहीत, म्हणून तिन्ही गळतात. ‘सरकार’चं ‘सरक’ उरतं, ‘मुंबई’चं ‘बई’, ‘डॉक्टर’चा ‘टर’, ‘इस्पितळ’चे ‘इस’ आणि ‘तळ’. ज्या शब्दांना काना-मात्रा नाही तेवढेच धड राहिले, म्हणून शहर, घर आणि मरण वर आले. गंमत अशी की ती यादी दिसायला प्लेगचीच वाटत होती. मी ‘प्लेग’ शोधला नसता तर ‘सरक’ आणि ‘टर’ हे अक्षरओळखीतले दोष समजून पुढे गेले असते.

व्याख्या बदलली. शब्द म्हणजे युनिकोडमधल्या देवनागरीच्या पट्ट्यातली सलग चिन्हं, दंड (वाक्याअखेरची उभी रेघ) आणि आकडे वगळून. ‘प्लेग’ परत आला. पण आता ‘दुसर्’ आणि ‘या’ असे शब्द भराभर दिसू लागले. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्यातल्या एकीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं आणि ते देवनागरीच्या पट्ट्याबाहेर पडतं, म्हणून शब्द तिथेच तुटला. तेही सावरलं. ही सगळी डागडुजी दोन महिने चालली. प्रबंधात ती दीड पानाची झाली आहे. मला वाटतं मराठी मजकुरावर असं काम करणाऱ्या प्रत्येकाने ती छापावी. नाहीतर पुढचं पोर पुन्हा तिथेच दोन महिने घालवतं.

त्यानंतर सुरू झालं ते खरं काम, आणि मला त्याची कल्पना नव्हती. एक शब्द म्हणजे काय, हे ठरवणं.

‘काही’ हा साधा शब्द घ्या. त्या पानांवर तो कांहीं, कांही, काहीं असा येतो. आजचं लेखन १९६२ च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनंतरचं, त्याआधीचे अनुच्चारित अनुस्वार सगळीकडे. मोजायला सोपं जावं म्हणून ते काढून टाकावेत असं वाटलं. पण ‘घरांत’ या शब्दापाशी मी अडले. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरातही आणि अनेक घरांतही. सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, एका घरात शिरले की घराघरांत, हे प्लेगच्या इतिहासात क्षुल्लक नाही आणि ते त्या शब्दावरून कळतच नाही, पूर्ण वाक्य वाचावं लागतं. शेवटी मी मजकुराच्या दोन प्रती ठेवल्या. एक जशी छापली तशी, हात न लावलेली. दुसरी मोजणीपुरती सरळ केलेली. आणि एक वही केली, दोनशे पानी, रेघांची. कुठला शब्द कशात मिळवला, कोणत्या तारखेला आणि का, हे त्यात लिहायचं.

त्या वहीचा पहिला मोठा भाग प्लेगच्या नावांचाच आहे. सुरुवातीला शास्त्रीय थाटाचं ‘ग्रंथिक सन्निपात’. मग ‘गांठीचा रोग’, ‘गांठीचा ताप’, ‘मरी’, नुसतीच ‘सांथ’, आणि ‘प्लेग’. हे सगळे एकत्र मोजले तरच साथीचा आवाज ऐकू येतो. पण ‘गांठ’ म्हटलं की ‘गांठ पडली’ म्हणजे भेट झाली, तीही मोजली जाते. ‘मरी’ शोधलं की मरीआई येते. (मरीआईचे उल्लेख मी काढले नाहीत, त्यांना वेगळा रकाना दिला. साथीत देवीचं नाव घेणं हा साथीचाच भाग आहे.) ‘नाहीं’ या शब्दाचं तसंच. वाक्याला आधार देणारे आणि अर्थाने हलके मानले जाणारे शब्द मोजणीतून वगळायची रीत आहे. त्या तयार यादीत ‘नाही’ होतं. मुंबईत सुरुवातीला हा प्लेगच आहे की नाही यावरच वाद झालेला. तो ‘नाहीं’ वगळला तर वादच वगळला जातो.

आमच्या विद्यापीठात याच सुमारास वेगवेगळ्या विभागांतले, मजकुरावर असं काम करणारे पाच-सहा जण दर गुरुवारी एका खोलीत बसायला लागलो. विधी विभागातला एकजण न्यायनिवाड्यांवर काम करत होता. सार्वजनिक आरोग्याची एक डॉक्टर, तिच्याकडे रुग्णांच्या मुलाखती. भाषाशास्त्राचे एक सर. मला तिथे सर्वात मोठा धक्का सरांनी दिला. मी प्रत्यय छाटून सगळे शब्द मुळावर आणत होते. प्लेगाची, प्लेगानें, प्लेगांत, सगळं मिळून ‘प्लेग’. सर माझी छाटलेल्या शेपटांची यादी बघून म्हणाले, “हे फेकू नका, मला द्या. आज आपण ‘प्लेगची साथ’ म्हणतो. त्यांनी ‘प्लेगाची’ म्हटलंय. परका शब्द आत घेतल्याबरोबर त्याचं सामान्यरूप केलंय. तुमच्यासाठी कचरा आहे तो माझा अख्खा विषय आहे.” मला त्या क्षणी आपल्या हात न लावलेल्या प्रतीचं फार बरं वाटलं.

दुसरा प्रसंग नमूद करायलाच हवा. आम्ही तिघांनी एक प्रयोग केला. साथीबद्दलची वाक्यं घ्यायची आणि प्रत्येकावर शिक्का मारायचा, बातमी, अफवा की तक्रार. एकमेकांचं न बघता. मग मत किती जुळलं ते मोजायचं. पहिल्या फेरीत बातमी आणि अफवा यांत आमचं जेमतेम जुळलं. नुसत्या योगायोगाने जुळेल त्याहून थोडंच बरं. वाक्यं समोर घेऊन बसलो तेव्हा कळलं की भांडण सगळं दोन शब्दप्रयोगांवर आहे. ‘असें म्हणतात’ आणि ‘असें कळतें’. डॉक्टर मैत्रीण दोन्हींना अफवा म्हणत होती, कारण कोणी सांगितलं त्याचं नाव नाही. विधीचा मित्र म्हणाला, ऐकीव पुरावा आहे, कोर्टात टिकणार नाही. मी दोन्हींना बातमी धरत होते, कारण त्या काळच्या साप्ताहिकात मोफुसिलची, म्हणजे शहराबाहेरच्या मुलुखातली, बातमी यायचीच अशी, पत्राने, कुणाच्या तरी तोंडून. दोन गुरुवार यात गेले. शेवटी मी जाऊन साथीशी संबंध नसलेल्या बातम्या तपासल्या. पाऊस, पीकपाणी, बदल्या. तिथे ‘असें कळतें’ भरपूर होतं आणि ‘असें म्हणतात’ क्वचितच. म्हणजे संपादकाच्या मनात दोन्ही सारखे नव्हते, एकाची जबाबदारी तो घेत होता, दुसऱ्याची नाही. हा भेद मला शंभर वेळा वाचूनही दिसला नव्हता. डॉक्टर मैत्रिणीने हट्ट धरला नसता तर दिसला नसता. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यातून उभं राहिलं.

विषयगट काढणारी पद्धतही वापरली. २००३ साली ब्लाय, एन्ग आणि जॉर्डन यांनी मांडलेली, कुठले शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात त्यावरून गट पाडणारी. तिच्यातून मला फारसं मिळालं नाही. एक गट अगदी घट्ट आला, वर्गणी, टपाल, हंशील, आगाऊ. तो प्रत्येक अंकावरच्या वर्गणीच्या चौकटीचा होता. एक औषधांच्या जाहिरातींचा. लहान संग्रहावर ती पद्धत मी पुन्हा वापरणार नाही.

आलेख मात्र काढला. महिन्यामागून महिना, साथीचे शब्द किती. विभागात पहिलं सादरीकरण केलं तेव्हा तो पडद्यावर लावला. एका ठिकाणी रेघ खोल खाली जात होती आणि मी म्हटलं, इथे साथ ओसरलेली दिसते. मागच्या बाकावरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. “साथ ओसरली की अंक फाटले?” मी उत्तर देऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बांधीव खंडाच्या शिवणीत बघितलं. तीन अंक नव्हतेच, धाग्याजवळ कागदाच्या कडा तेवढ्या अडकलेल्या. आणि जिथे रेघ उंच गेली होती तिथे एका अंकाला मोठी पुरवणी जोडलेली. शब्द जास्त, म्हणून प्लेग जास्त. मग सगळं दर हजार शब्दांमागे मोजलं आणि गहाळ अंकांच्या जागी रेघ तोडली. तुटलेली रेघ सुंदर दिसत नाही. ती तशीच छापली आहे.

सर्वात उपयोगी पडलं ते साधंच हत्यार. एक शब्द ओळीच्या मधोमध ठेवायचा, डावी-उजवीकडे पाच-सहा शब्द, आणि त्याच्या सगळ्या जागा एकाखाली एक मांडायच्या. ‘तपासणी’ हा शब्द असा मांडला. वरच्या ओळींत, १८९६ च्या अखेरीस, त्याच्या शेजारी स्टेशन, उतारू, गाडी, बंदर. खाली उतरत गेलं की मार्च १८९७ पासून, पुण्यात सोजिरांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या तेव्हापासून, शेजारी घर, बायका, देवघर, सोंवळें. एकच शब्द उंबरा ओलांडून आत आलेला ओळीओळीने दिसत होता. रँडवर २२ जून १८९७ ला गोळी झाडली गेली हे शाळेपासून माहीत होतं. त्याआधीचे तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर प्रथमच असे एकाखाली एक उभे राहिले. मी त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

वहीतला शेवटचा नोंदलेला शब्द ‘ताप’. ‘तापानें वारला’ अशा ओळी त्या काळात खूप. त्यातले काही नुसते ताप असतील. काही प्लेग, घरच्यांनी लपवलेला, कारण कळलं तर माणूस इस्पितळात आणि घरचे विलगीकरणाच्या छावणीत. याच साथीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या, त्यांचं मरण कशाने आलं हे आपल्याला ठाऊक आहे. ‘तापानें’ गेलेल्यांपैकी बहुतेकांबद्दल ते कळायला मार्ग नाही. मोजणीत ‘ताप’ धरला तर आकडा फुगतो, वगळला तर लपवलेली माणसं दुसऱ्यांदा लपतात. मी त्याला तिसरा रकाना केला, ‘ठरवता आलं नाही’.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. हा रकाना कुठल्या तरी बाजूला का घातला नाहीत, एकूण आकडा नीट मिळाला असता. मी म्हटलं, घालण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. त्यांनी विचारलं, किती ओळी आहेत यात? एकशे सत्तेचाळीस, मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “काढा त्या. वाचून दाखवा काही.” मी परिशिष्ट उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.